गडग्यावरचे ॲडमिरल

"अगं, त्या म्हाताऱ्याला शंभरावं लागलं तरी नोकरी सुटेना!"

वहिनी गडग्यापलीकडून असं काही बोलल्या की पहिली दोन मिनिटं गप्प राहायचं, हे मी आता शिकले आहे. म्हातारा आपल्या वाडीतला, तालुक्यातला की राणीच्या राज्यातला, ते मागाहून कळतं. वहिनींचे यजमान जन्मभर मालवाहू जहाजांवर होते, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनियर. घरी येऊन बसल्यापासून त्यांनी इंग्रजांच्या आरमाराची पुस्तकं वाचायचा सपाटा लावला आहे. वाचलेलं सगळं ते चहाबरोबर वहिनींच्या कानावर घालतात. वहिनी त्यातली लढाई तेवढी गाळतात आणि उरलेलं गडग्यावर आणतात.

"कोण म्हातारा?"

"प्रोव्हो वॉलिस. जन्म १७९१ चा, तिकडे कॅनडात हॅलिफॅक्सला. बाप गोदीत कारकून. पोर चार वर्षांचं, आणि बापाने एका युद्धनौकेच्या हजेरीपटावर त्याचं नाव चढवून घेतलं, खलाशी म्हणून! पोरगं अंगणात खेळतंय आणि तिकडे त्याची नोकरी मोजली जातेय. पुढे १८१३ साली अमेरिकनांशी झुंज झाली, शॅनन जहाजाचा कॅप्टन जबर जखमी झाला, त्याच्या खालचा मेला, म्हणून पाच-सहा दिवस जहाज याच्या ताब्यात. तेवढंच भांडवल! १८७० मध्ये सरकारने वयाप्रमाणे सक्तीची निवृत्ती आणली, पण एक सवलत ठेवली. नेपोलियनच्या काळात ज्याने जहाजाची कमान सांभाळली असेल, त्याने मरेपर्यंत चालू यादीत राहावं. त्या पाच-सहा दिवसांच्या जोरावर म्हातारा १८९२ पर्यंत यादीत! शंभरी पार करून गेला. मध्यंतरी म्हणे वरून हळूच निरोप आला, यादीत राहिलात तर समुद्रावर जायचा हुकूम येऊ शकतो. यांनी उलट कळवलं, मी केव्हाही तयार आहे, फक्त वाफेच्या जहाजांची मला सवय नाही."

"खरं की काय?"

"म्हणे म्हटलं ना मी. जन्म, मृत्यू, यादी खरी. निरोप ऐकीव."

वहिनींचं हे बरं आहे. ऐकीव गोष्ट त्या ऐकीव म्हणूनच सांगतात, पण सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

"मग खालच्यांच्या बढत्यांचं काय व्हायचं?" मी विचारलं. आमच्याकडे एका कचेरीत जन्म गेलेला माणूस आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच.

"तीच तर सगळी गोम. तेराव्या वर्षी पोरगं भरती व्हायचं. त्यालाही वशिला लागायचा, कुणातरी बड्याने नाव सुचवावं लागे. पुढे लेफ्टनंटचा कमांडर, कमांडरचा कॅप्टन, इथपर्यंत निवड. एकदा कॅप्टन झालास की नुसती रांग. पुढचा मेला किंवा घरी गेला की तू एक घर पुढे. काम नसेल तेव्हा अर्ध्या पगारावर घरी बसायचं. म्हणजे जो लहान वयात कॅप्टन झाला, तोच मरायच्या आत ॲडमिरल होणार. आता सांग, निवड करणाऱ्याच्या डोळ्यांत भरायचं कसं?"

"पराक्रम करून."

"कुठला पराक्रम? ट्राफल्गर होऊन गेली १८०५ ला. त्यानंतर थेट १९१६ पर्यंत यांच्या तोडीच्या आरमाराशी मोठी लढाईच नाही! कुठे किनाऱ्यावर तोफा डाग, कुठे नाईलमध्ये गलबत घाल, एवढंच. मग उरला रंग."

"रंग?"

"जहाजाला द्यायचा रंग गं. पितळ घासायचं, डेक खरवडून पांढरा करायचा, बाजू आरशासारख्या करायच्या. सरकारी रंग पुरायचा नाही म्हणून कमांडर स्वतःच्या खिशातून रंग आणायचे. पर्सी स्कॉट म्हणून एक ॲडमिरल होता, त्याने लिहूनच ठेवलंय की बढती हवी तर पगारातला मोठा हिस्सा रंगात घालावा लागे. तोफा डागल्या की धुराने रंग काळा पडतो. म्हणून सरावाचे गोळे काहीजण गुपचूप समुद्रात टाकायचे म्हणे. त्या स्कॉटने १८९९ मध्ये आपल्या सिला जहाजावर नेमबाजीची नवी तालीम दिली आणि शंभरातले ऐंशी गोळे नेमके बसवले. बाकीच्या आरमारात तिसेक बसले तरी वाहवा. आणि याचं कौतुक व्हायचं सोडून लोकांनी नाकं मुरडली!"

हे मात्र मला ओळखीचं वाटलं. पण वहिनी थांबल्या नव्हत्या. हेनेज नावाच्या ॲडमिरलचं त्या सांगत होत्या. तपासणीला पांढरेशुभ्र हातमोजे घालून निघायचा. मागून हुजऱ्या ताटात आणखी जोड घेऊन. तोफेच्या नळीवर, पाइपाच्या मागे बोट फिरवायचं, मोजा मळला की जहाजाच्या अधिकाऱ्याचं काही खरं नाही. रोज सकाळी केसांना दोन अंडी चोळायचा म्हणे. आणि प्रार्थनेला बसताना गणवेशाचा कोट काढून ठेवायचा. का, तर राणीच्या आरमाराचा कॅप्टन गणवेशात कुणापुढेही गुडघे टेकणार नाही. देवापुढेसुद्धा!

"सगळेच असले होते का हो?"

"छे गं. आर्थर विल्सनचं बघ. सुदानच्या लढाईत तलवार मोडली तर मुठीने लढला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशी रोजनिशीत काय लिहिलं म्हणतात? जहाज गोदीत घातलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बस! आधी जहाज, मग पदक. लग्न केलंच नाही त्याने." वहिनींनी जरा हळहळ दाखवली. ती पदकाबद्दल नव्हती.

मग फिशरची गोष्ट निघाली. ती निघाली की भाजी करपते, हे दोघींनाही ठाऊक आहे.

जॉन फिशर, घरचे-दारचे जॅकी म्हणायचे. जन्म १८४१ चा, सिलोनचा. बाप लष्करातून बाहेर पडून कॉफीच्या मळ्यात बुडालेला, मुलं अकरा. सहाव्या वर्षी याला आजोबांकडे लंडनला धाडलं, बाप पुन्हा दिसला नाही. आरमारात जायला नाव सुचवलं ते धर्ममातेच्या ओळखीने, नेल्सनच्या हाताखाली काम केलेल्या एका ॲडमिरलने. १८५४ साली भरतीची परीक्षा दिली, ती त्याने स्वतः पुढे रंगवून सांगितली आहे: एक प्रार्थना लिहून दाखव, त्रैराशिकाचं एक गणित सोडव, उघड्या अंगाने खुर्चीवरून उडी मार. झाला आरमारी!

"आणि पहिलं जहाज कुठलं मिळालं माहीत आहे?" वहिनींनी आवाज खाली केला, जणू फिशरच ऐकेल. "कलकत्ता! नाव कलकत्ता, पण बांधलेलं आपल्या मुंबईच्या गोदीत, १८३१ मध्ये. सागवानी. वाडियांच्या हातचं काम. ज्याने पुढे जगातली सगळ्यात जबर पोलादी युद्धनौका आणली, तो शिकला आपल्या सागवानावर. आमचे हे ही गोष्ट आल्या-गेल्याला सांगतात."

सांगणारच. मीही आता सांगते.

फिशरच्या तरुणपणीचं आरमार म्हणजे मोठा विनोद होता. इंजिनं आली होती, पण शिडं सोडवत नव्हती. १८८१ मध्ये त्याच्याकडे इन्फ्लेक्सिबल नावाची अजस्र युद्धनौका आली. दोन फूट जाडीचं चिलखत, ऐंशी टनांच्या तोफा, जहाजात विजेचे दिवे. आणि वर डोलकाठ्या अन् शिडं! त्या बारा हजार टनांच्या धुडाला शिडं म्हणजे ट्रॅक्टरला बैल जुंपण्यातला प्रकार. पण पाहणीला आलेला ॲडमिरल बघणार काय, तर शिडं किती मिनिटांत चढली. पोरं शिडांच्या दोऱ्यांवर घडली की कणखर होतात, असं जुन्या मंडळींचं मत. खाली भट्टीपाशी कोळसा मारणाराही कणखर होत असेल, हे कुणाच्या मनात येत नव्हतं. या वाक्यावर वहिनींनी घराकडे बोट दाखवलं. वाक्य त्यांचं नव्हतं.

"आता या फिशरचा वैरी ऐक. लॉर्ड चार्ल्स बेरेसफोर्ड. आयर्लंडच्या जहागीरदाराचा दुसरा मुलगा. गडगंज, देखणा, तोंडाळ. बरोबर सदा बुलडॉग. एकाच वेळी आरमारात अधिकारी आणि पार्लमेंटात खासदार, म्हणजे साहेबांनी कान उपटले की हा सभागृहात उठून साहेबांचे उपटणार. हा मुंबईला येऊन गेलाय बरं. १८७५ च्या नोव्हेंबरात राणीचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, सेरापिस जहाजाने मुंबईला उतरला ना, ज्याच्या हस्ते प्रिन्सेस डॉकचा पाया घातला, त्याच्या लवाजम्यात हा होता. परत जाताना जहाजावर हत्ती आणि वाघ भरले होते. राजपुत्राचा जिवलग दोस्त!"

"मग बिनसलं कशावरून?"

"बाईवरून. दुसरं काय असतं?"

इथे वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. मीही बघितलं. गोष्ट अशी की लेडी ब्रुक नावाची एक रूपवती होती, तिचं आणि बेरेसफोर्डचं सूत होतं. दोघंही आपापल्या जागी लग्नाची. मध्येच हिच्या कानावर आलं की बेरेसफोर्डच्या बायकोला दिवस गेले. हिने रागाने त्याला पत्र लिहिलं, की बायकोला मूल होतंच कसं! पत्र पडलं नेमकं बायकोच्या हाती. ती कसली सोडते? वकिलाकडे दिलं. लेडी ब्रुक रडत गेली राजपुत्राकडे, पत्र परत मिळवून द्या म्हणून. राजपुत्राने मध्यस्थी केली आणि बाईही ठेवून घेतली. बेरेसफोर्ड तावातावाने त्याच्या घरी गेला, वाटेल ते बोलला, धक्काबुक्कीपर्यंत वेळ आली म्हणतात. मग सरळ आपलं जहाज घेऊन भूमध्य समुद्रात निघून गेला. १८९० सालची ही गोष्ट. ११ वर्षांनी राजपुत्र सातवा एडवर्ड झाला. त्याने पाठीवर हात ठेवला तो फिशरच्या.

"बघ, एका पत्राने केवढा घोळ," वहिनी म्हणाल्या. मला वाटतं घोळ पत्राने नव्हता झाला, पण मी बोलले नाही.

भूमध्य समुद्रातच दोघांची प्रत्यक्ष गाठ पडली. फिशर तिथला मुख्य, बेरेसफोर्ड त्याचा दुय्यम. माल्टाच्या बंदरात शिरताना बेरेसफोर्डच्या जहाजाने नांगर टाकण्यात गोंधळ घातला. फिशरने साऱ्या ताफ्यादेखत बावटे लावून हुकूम दिला: बाहेर जा आणि खलाशाला शोभेल असं परत आत या. किनाऱ्यावर अर्धं माल्टा बघत उभं! हा घाव बेरेसफोर्डने जन्मभर जपला. पुढे १९०४ च्या ऑक्टोबरात फिशर फर्स्ट सी लॉर्ड झाला, म्हणजे आरमाराचा सर्वांत वरचा अधिकारी. दीडशेच्या आसपास जुनी जहाजं त्याने मोडीत काढली, कारण ती ना लढायच्या कामाची ना पळायच्या. त्या जहाजांवर मजेत दिवस काढणारे सगळे त्याचे शत्रू झाले. १९०५ च्या अखेरीस त्याला ॲडमिरल ऑफ द फ्लीट केलं. त्यामुळे त्याची निवृत्ती लांबली, आणि त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेल्या बेरेसफोर्डचं वय निघून जाणार हे ठरलं. इथून पुढे तत्त्वं, धोरण, राष्ट्रहित वगैरे शब्द दोन्हीकडून फार आले. मुळात भांडण खुर्चीचं होतं.

शत्रूंनी फिशरला सोडलं नाही. डोळे थोडे बारीक, रंग पिवळसर, म्हणून त्याची आई सिंहली राजकन्या असल्याची कंडी पिकवली. ती बिचारी इंग्रज होती.

"आणि नंतर पुन्हा रंगच आडवा आला," वहिनी म्हणाल्या. "१९०७ मध्ये जर्मनीचा कैसर येणार म्हणून बेरेसफोर्डने साऱ्या ताफ्याला रंगरंगोटीचा हुकूम दिला. तोफांचा सराव बंद. तो पर्सी स्कॉट त्याच्याच हाताखाली. त्याचं एक जहाज सराव करत होतं, त्याला त्याने निरोप धाडला: तोफांपेक्षा रंगाला मागणी जास्त दिसते, तेव्हा लवकर या आणि नटूनथटून बसा. निरोप उघडाच! बेरेसफोर्डने त्याला बोलावून इतर ॲडमिरलांसमोर झाडला, वर साऱ्या ताफ्याला बावट्यांनी कळवलं. वर्तमानपत्रांना दिवाळी. शेवटी १९०९ मध्ये बेरेसफोर्डची नोकरी गेली, मग पंतप्रधान ॲस्क्विथने चौकशी नेमली. फिशरही पुढच्या जानेवारीत, एकोणसत्तराव्या वाढदिवशी, खुर्चीवरून उतरला. वर सरदारकी मिळाली ती वेगळी."

मला फिशर आवडतो. भांडखोर, सूड धरणारा, आपल्या माणसांना पुढे ढकलणारा होता, हे सगळं खरं. पण त्याच्यामुळे १९०६ मध्ये ड्रेडनॉट पाण्यात उतरली, आणि एका दिवसात जगातल्या बाकीच्या सगळ्या युद्धनौका जुन्या झाल्या. इंग्रजांच्या स्वतःच्या धरून. वहिनींचे यजमान त्या जहाजाच्या तोफांबद्दल बोलत नाहीत, टर्बाइनबद्दल बोलतात. आधीच्या इंजिनांना पूर्ण वेगात धावायचं म्हटलं की बेअरिंग तापू नयेत म्हणून सारखं पाणी फवारायचं. इंजिनरूममध्ये चिखल, कानठळ्या, कुठे काय निखळेल याचा नेम नाही. ड्रेडनॉट पहिल्याच लांबच्या सफरीत थेट त्रिनिदादपर्यंत जाऊन आली आणि यंत्रांनी कुरकुर केली नाही. "दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल बोलताना यांचे डोळे पाणावतात," वहिनी म्हणाल्या. "माझ्या बाळंतपणात पाणावले नव्हते."

मी ट्रायनचं विचारलं, कारण ती गोष्ट मला अर्धवट माहीत होती.

सर जॉर्ज ट्रायन, भूमध्य ताफ्याचा मुख्य, आरमारातला सगळ्यात हुशार माणूस समजला जाई. १८९३, २२ जून, लेबननच्या त्रिपोलीसमोर. दोन रांगांत जहाजं चाललेली. याने ठरवलं की दोन्ही रांगांनी आतल्या बाजूला वळून उलट फिरायचं. दोन रांगांमधलं अंतर ठेवलं सहा केबल, म्हणजे बाराशे यार्ड. वळायला जागा लागत होती जास्त. हाताखालच्यांनी सांगितलं, आठ तरी ठेवा. हो म्हणाला, आणि हुकूम सहाचाच दिला. पलीकडच्या रांगेचा मुख्य मार्कम, त्याला हे जमणार नाही हे कळलं, तो थबकला. ट्रायनने बावटे लावून विचारलं, कसली वाट बघताय? सगळ्यांसमोर असं विचारल्यावर मार्कम वळला. साहेबांच्या डोक्यात काहीतरी खुबी असणार, असं त्याला वाटलं. मार्कमच्या कॅम्परडाऊनने ट्रायनच्या व्हिक्टोरियाला पोटात भोसकलं. तेरा मिनिटांत जहाज उलटून तळाला गेलं, ३५८ माणसं बुडाली. सगळी चूक माझी, असं म्हणत ट्रायनही गेला.

"आणि त्याच वेळी म्हणे," वहिनींचा आवाज पार खाली गेला, "लंडनला त्याच्या घरी बायकोने मेजवानी ठेवली होती. गणवेशातला ट्रायन जिन्यावरून उतरून पाहुण्यांमधून गेला. लोकांनी बायकोला विचारलं, साहेब आले वाटतं?"

"हे ऐकीव ना?"

"ऐकीवच. पण आमच्या ह्यांना विचारलंस तर ते भुताचं नाही सांगणार. ते सांगतात, वरची माणसं रांगेने उभी राहून मग पाण्यात उतरली. खाली इंजिनरूममध्ये जे पाळीवर होते त्यांना वर या म्हणून कुणी सांगितलंच नाही. त्यांच्यातला एकही वाचला नाही."

थोडा वेळ दोघी गप्प. मग वहिनी म्हणाल्या, "बरं, सोयरिकी ऐकायच्यात का?"

हे म्हणजे विचारणं झालं.

व्हिक्टोरियावर तापाने फणफणलेला एक कमांडर होता, तो पाण्यातून कसाबसा वाचला. जॉन जेलिको. बाप व्यापारी जहाजावर कॅप्टन, घरची इस्टेट नाही, बुद्धी भरपूर. १९०० मध्ये चीनच्या बॉक्सर बंडात फुप्फुसात गोळी लागली, ती मरेपर्यंत आतच. फिशरने त्याला हेरून ठेवलं होतं. १९०२ मध्ये त्याचं लग्न झालं ग्वेंडोलिन केझरशी. तिचा बाप केझर कोण, तर तरुणपणी मुंबईत एका पेढीवर कारकुनी करून गेलेला माणूस! तिथेच जहाजांच्या धंद्याची अक्कल आली, परत जाऊन क्लॅन लाईन काढली, आणि १८७८ मध्ये पहिल्या फेऱ्या सुरू केल्या त्या मुंबईच्याच. पैशाचा पूर. त्याच्या दुसऱ्या एका मुलीचं लग्न १९०५ मध्ये चार्ल्स मॅडनशी. हाही आरमारात, हाही फिशरच्या मर्जीतला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं त्या दिवशीच जेलिकोला साऱ्या ग्रँड फ्लीटचा मुख्य केलं. त्याचा चीफ ऑफ स्टाफ कोण? मॅडन.

"म्हणजे साडूसाडू!"

"साडूसाडू. पुढे दोघंही फर्स्ट सी लॉर्ड झाले. सासऱ्याचं नशीब बघ! पण जेलिको माणूस सरळ. मला ती जागा देऊ नका, आधीचे कॅलाहन चांगले आहेत, त्यांना असं उठवणं बरं नाही, अशा तारांवर तारा केल्या त्याने. ऐकलं नाही कुणी."

माझ्या मते त्यात साडूगिरीपेक्षा लायकी जास्त होती. दोघंही कामसू. पण वहिनींना ते पटत नाही. जिथे साडू आहे तिथे त्यांना दुसरं कारण लागत नाही.

"आणि बीटीची बायको?"

"अगं, तिच्यापुढे केझर काहीच नाही. डेव्हिड बीटी. नाईलच्या गनबोटींवर चमकला, चीनमध्ये चमकला, एकोणतिसाव्या वर्षी कॅप्टन! बाकीचे तोवर चाळिशी ओलांडत. टोपी तिरकी, कोटाला बटणं इतरांपेक्षा कमी. लग्न केलं एथेलशी, शिकागोच्या मार्शल फील्डची मुलगी, त्या मोठ्या दुकानवाल्याची. तिचं हे दुसरं लग्न, पहिल्याशी नुकताच घटस्फोट झालेला. त्या काळी केवढी चर्चा! पण पैसा इतका की बीटीला कुणाची पर्वाच राहिली नाही. एकदा याने आपल्या सफोक जहाजाची इंजिनं वेगाच्या नादात पार पिदडली. कोर्टमार्शल होणार अशी वदंता. बायको म्हणाली म्हणे, माझ्या डेव्हिडला कोर्टमार्शल? मी त्यांना नवं जहाज घेऊन देते."

"कमाल आहे!"

"पुढे कॅप्टन म्हणून समुद्रावर जेवढा काळ हवा तेवढा झाला नव्हता, तरी खास हुकूम काढून १९१० च्या पहिल्या तारखेला रिअर ॲडमिरल केलं. अडतीस वर्षांचा! नंतर ॲटलांटिक ताफ्यात जागा देऊ केली तर नको म्हणाला. दुसरा कुणी असता तर कायमचा घरी बसला असता. हा बसला, पण तेवढ्यात चर्चिल मंत्री झाला, त्याला हा पसंत पडला, आणि बॅटलक्रूझरांचा ताफाच हाती आला."

१९१६ च्या जटलंडच्या लढाईनंतर जेलिकोवाले आणि बीटीवाले असे दोन तट पडले आणि कुणी काय चुकवलं यावर कित्येक वर्षं भांडले. वहिनी लढाई गाळतात म्हटलं ना, ती इथेही गाळली. एवढंच म्हणाल्या की १९३५ मध्ये जेलिको गेला तेव्हा बीटी स्वतः आजारी असूनही अंत्ययात्रेत चालला, आणि चार महिन्यांत तोही गेला. मला वाटतं, एवढं कळलं की त्या भांडणातलं पुष्कळ कळलं.

बॅटनबर्गच्या लुईचं वाईट वाटतं. जन्म ऑस्ट्रियाचा, घराणं जर्मन, चौदाव्या वर्षी इंग्रजांच्या आरमारात आला. तोही १८७५ च्या त्या मुंबईच्या सफरीत होता. नटी लिली लँगट्री आणि त्याच्याबद्दल काय काय बोललं जाई, ते वहिनींनी सांगितलं, मी लिहीत नाही. कामात मात्र इतका पक्का की १९१२ मध्ये फर्स्ट सी लॉर्ड झाला. १९१४ मध्ये युद्ध पेटताच लोकांना त्याचं जर्मन नाव खुपू लागलं, ऑक्टोबरात राजीनामा द्यावा लागला. पोरगा तेव्हा ऑसबॉर्नच्या आरमारी शाळेत शिकत होता. १९१७ मध्ये घराण्याने नाव बदललं, माउंटबॅटन केलं. तो पोरगा म्हणजे आपल्याकडे आलेला शेवटचा व्हाइसरॉय.

एवढ्यात आतून चीफसाहेबांनी हाक मारली. चहाची नव्हती. त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं आणि त्यांना राहवलं नव्हतं.

"इंजिनियरांचं सांगितलंत का त्यांना?"

"सांगतेच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि सांगितलं नाही. मग ते स्वतःच गडग्यापाशी आले.

त्यांचं म्हणणं असं. या सगळ्या लोकांना पुढे नेलं कुणी? वाफेने. आणि वाफ चालवणाऱ्याला काय मिळालं? सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांची पंगत वेगळी. बाहीवर सोनेरी पट्ट्या आल्या, पण वरच्या पट्टीला जो वेढा असतो तो फक्त डेकवाल्यांना. इंजिनियरांच्या पट्ट्यांमध्ये जांभळं कापड, म्हणजे लांबून कळावं हा खालचा आहे. कितीही हुशार असो, जहाजाची कमान त्याला कधीच मिळायची नाही. डेकवाल्यांच्या बायकाही इंजिनियरांच्या बायकांकडे जायच्या नाहीत, असं ते म्हणाले. यावर वहिनींनी मान इतकी हलवली की मी विषय वाढवला नाही.

फिशरनेच हे मोडायचं ठरवलं. तेव्हाचे मंत्री सेलबोर्न यांच्या नावाने १९०२ च्या नाताळच्या दिवशी योजना जाहीर झाली: डेकवाले, इंजिनवाले, सगळी पोरं बारा-तेराव्या वर्षी एकत्र घ्यायची, एकत्र शिकवायची, मग वाटा फुटतील त्या फुटतील. पुढच्या वर्षी ऑसबॉर्नची शाळा उघडली. निवृत्त ॲडमिरलांनी आकाशपाताळ एक केलं. सभ्य घरची मुलं तेलात हात घालणार की काय! गंमत अशी की शाळेला वर्षाला ७५ पौंड फी होती, त्यामुळे गरिबाचं पोर तिथेही पोचत नव्हतंच. फिशरला ते खटकायचं, पण फी त्याच्या हातून सुटली नाही. तरी गाडं पुढे सरकलं. १९१५ मध्ये, ऐन युद्धात, इंजिनियरांच्या बाहीवर तो सोनेरी वेढा आला. जांभळं कापड तसंच ठेवून.

"आणि युद्ध संपल्यावर?" मी विचारलं.

चीफसाहेब जरा थांबले. १९२५ च्या नोव्हेंबरात नवा हुकूम निघाला. डेकवाल्यांची शाखा पुन्हा निराळी, इंजिनियरांची निराळी, आणि लढाऊ अधिकाऱ्यांत मोजायचं बंद. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्या पोरांना एकत्र शिकवताना तुम्ही सगळे सारखे म्हणून सांगितलं होतं, त्यातली ज्यांनी इंजिनाची वाट धरली ती फसली. तो हुकूम निघाला तेव्हा फर्स्ट सी लॉर्ड होता डेव्हिड बीटी.